शेजारचे दात

गारखेड्यातल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या बाजूला बसलेल्या गीताबाईंना तिथली मदतनीस सायली समजावत होती.

"आजी, पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवतात. शेजारचे दोन दात थोडे घासायचे, त्यांच्या आधारानं नवा राहतो."

"ते दोन किडलेत व्हय?"

"नाही, चांगलेत."

"मग कशाला घासायचे? माझ्यापायी शेजाऱ्याला तरास नको."

"दातच आहेत ते, आजी."

"पाचोडला शेजार होता, बाई. इथं फ्लॅटात परवा मोरीत पडले, तरी समोरच्यांना हाक नाय मारली."

"मग उचललं कुणी?"

"उठले भिंतीला धरून."

"ब्रिजचं काय करायचं?"

"राहू दे. एका बाजूनं चावते. जेवायला लई येळ लागतो, पण माझ्यासाठी ताटावर खोळंबणारं कुणी नाय."