डोंगर चढणारी पोरगी

औशाच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत बसलेल्या लक्ष्मीबाईंचा कान शेजारच्या आजी-नातीकडं लागला. नातीच्या मांडीवर चित्रांचं पुस्तक होतं.

"अक्षरे, मागून का वाचायलीस?"

"आज्जे, जपानचं हाय हे. उजवीकडूनच वाचायचं."

"उर्दूवानी?"

"हाव. हा बघ, या पोरीच्या गावचा डोंगर. झाडं तोडली, झरा आटला. हिला वर जाऊन रोपं लावायची हायत, पर बाईला तिथं बंदी."

"का बरं?"

"डोंगराची देवी कोपते म्हणं."

"देवी बी बाईच ना? मग बाईवर कशाला कोपंल?"

"आपल्यात बाईनं औताला हात लावला की पाऊस रुसतो म्हणतात, तसंच."

"अगं माय. समुद्राच्या पल्याड बी हेच?"

"हेच. तुझा ल्योक बघ की. अप्पा तर ट्रॅक्टरला बी औतच म्हणतात. मला चालवायला येतंय, तरी पेरणीला बाहेरचा माणूस."

"ते ऱ्हाऊ दे. ही पोरगी गेली का वर?"

"गेली. बघ."

पान उलटलं. दोन्ही पानं भरून नुसता बोडका डोंगर, आणि त्याच्यावर मुंगीएवढी पोरगी, पाठीवर रोपांची पाटी. लक्ष्मीबाईंची मान कधी पुढं झुकली, त्यांचं त्यांना कळलं नाही. आजीनं त्या पोरीवर हलकेच बोट ठेवलं.

"लई उंच हाय गं. देवी कोपली का मग?"

"तिथवर वाचलं न्हाई अजून."

"नको वाचूस. यंदा पेरणीला ट्रॅक्टरवर तू बस."

"आन अप्पा?"

"त्याला मी सांगते. पाऊस रुसायचा तर माझ्यावर रुसंल."