त्याचं स्वतःचं काहीच नसतं

—नाही हो मिस्त्री, कुलूप बिघडलेलं नाहीये, चांगलं चालतंय, तेच तर दुखणं आहे! बदलून टाका. त्याच्याकडे किल्ली आहे. कुणाकडे म्हणजे? माझ्या धाकट्या भावाकडे. असे बघताय काय? सख्खाच आहे. आज संध्याकाळी आईला दवाखान्यातून घरी आणतेय, फुप्फुसं पार खिळखिळी झालीत तिची, पुन्हा जरा जरी काही लागण झाली तर निभावणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय — आणि हा अजून खोकतोय. फोनवर ऐकला ना मी, ओला, घरघरता खोकला. शी! नंतर फोनसुद्धा पुसून घेतला. —शिंकलात? धूळ ना? नक्की धूळच ना? बरं, तोंड तिकडे करा.

हसू नका. मी लॅबमध्ये दिवसभर हेच करते, फ्लूचे विषाणू वाढवायचे आणि ते आपल्या पेशीतलं काय काय लाटतात ते बघायचं. इतकी वर्षं झाली, किळस काही जात नाही. लोकांना वाटतं विषाणू म्हणजे कुणी मोठा दरोडेखोर — कसला डोंबलाचा! स्वतःचं असं काहीच नसतं त्याच्याकडे. येतो, पेशीच्या अंगावरच्या साखरेला चिकटतो, आणि पेशी काय करते? त्याला पोटात घेते — आपण होऊन! आत घुसायचं तर त्याच्या अंगावरचं एक प्रथिन कापलेलं असावं लागतं — कात्री आपली. पेशीच्या केंद्रापर्यंत वाहून न्यायला हमाल लागतात — तेही आपले. मग काय काय बनवायचं ते सांगणारे आपल्या पेशीचे निरोप निघालेले असतात ना, त्यांची मुंडकी छाटतो आणि स्वतःच्या निरोपांना लावतो, म्हणजे आतल्या कारखान्याला वाटावं की घरचंच काम आलंय. आणि बाहेर पडताना आपलंच कातडं पांघरून जातो. मेल्याला लाज म्हणून नाही.

आमच्या बंधुराजांचंही तेच. दोन दिवसांसाठी म्हणून यायचं आणि हलायचं नाव नाही. माझाच टॉवेल, ओला, गोळा करून माझ्याच पलंगावर. बेसिनमध्ये थुंकीचा थर. नखं कापणार तीही जेवायच्या टेबलावर — ईऽ! आणि उशीखाली शेंबडाचे रुमाल, वाळून कडक झालेले, मी उचललेत, ह्या हातांनी. का उचलले? वा, का म्हणे! मग कोण उचलणार, तुम्ही?

स्क्रू घट्ट आवळा हं. तर काय सांगत होते — हां, गंमत ऐका. ह्या विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला पेशीतलं एक प्रथिन लागतं, आणि आपल्यात त्याच्यासारखंच आणखी एक आहे, दोन बहिणीच म्हणा. एक काढून टाकली की काय होतं? काही नाही, ढिम्म फरक पडत नाही, दुसरी पदर खोचून धावत येते त्याचं करायला! दोन्ही काढल्या की मात्र बसला — आत शिरलेला, पण हात चोळत बसलेला. ते पाहिलं त्या दिवशी मी जिन्यात जाऊन एकटीच हसत सुटले होते. आमच्या घरातही अशा दोघी. मी ओरडले की आई त्याला जवळ घेणार, आई रुसली की — नाही, मी नाही. मागच्या खेपेला, आईला दवाखान्यात न्यावं लागलं त्याच्या आदल्याच आठवड्यात, दार आईनंच उघडलं. मी बजावलं होतं तिला, घेऊ नकोस म्हणून. डोळे लाल, नाक वाहतंय, कपाळाला हात लावला तर चटका बसला मला—

काय? हो, मला. बरं, मीच उघडलं, झालं समाधान? आई कुठली उघडतेय, तिला कूस बदलायलाही मी लागते. 'ताई, थंडी वाजतेय' म्हणाला. ते काय आहे हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? तरी घेतला आत. माझीच शाल दिली, गरम पाणी दिलं, आणि हा सरळ जाऊन आईच्या पांघरुणात शिरला, लहानपणी शिरायचा तसा. मी उभी, बघतेय. ओकारी येते मला, त्याची नाही, माझी.

बसलं कुलूप? किल्ल्या द्या, सगळ्या. आई अजून तिकडे आहे, उरले मी — आणि मलाही काढून टाकलंय असंच समजा. आता येऊ दे त्याला, बसू दे हात चोळत.

—थांबा. जिन्यात कोण खोकलं? बोलू नका, हातोडी ठेवा खाली. तोच आहे. किल्ली घालतोय. फिरत नाहीये. पुन्हा घालतोय. नाही फिरायची बाबा, नाही फिरायची... 'ताई' म्हणाला, ऐकलंत? बसला वाटतं खाली, दाराला टेकून. त्या जिन्यातल्या घाणीत! आणि फरशी किती गार असते हो तिथली.

मिस्त्री, सरका. सरका म्हणते ना! तुमचं काम झालंय, तुम्हाला घरी जायचंय ना? मग दार उघडावंच लागेल की.