दुसरा हार

हवाईला दोन हॉटेलं कशाला, असं सगळेच विचारतात. आई-बाबा दोघंही येणार होते. बाबांना ज्वालामुखी बघायचा होता आणि आईला समुद्र, म्हणून मी चार दिवस इथे, चार दिवस तिथे असं बुक केलं. मग आई गेली. बुकिंगमधून तिचं नाव काढणं काही माझ्याच्यानं झालं नाही.

बाबा पुण्याहून माझ्याकडे ओकव्हिलला आले, ते तिचा फोटो घेऊन. पण फोटोला हार घालू देईनात. "हार घातला की संपलं," म्हणायचे.

पहिल्या हॉटेलात रिसेप्शनवरच्या मुलीनं स्वागताचा फुलांचा हार बाबांच्या गळ्यात घातला. दुसरा हातात धरून तिनं विचारलं, "अँड मिसेस?"

"कमिंग लेटर," बाबा म्हणाले. मी पासपोर्ट चाळत राहिलो.

पाचव्या दिवशी समुद्रावरच्या हॉटेलात गेलो. तिथेही दोन हार आणि तोच प्रश्न. या वेळी बाबांनी दुसरा हार मागून घेतला.

तासाभरानं त्यांच्या खोलीत डोकावलो. आईचा फोटो खिडकीत, समुद्राकडे तोंड करून ठेवलेला. त्याला तो हार.

बाबा म्हणाले, "पोचली ती."