पारूबाईसमोरची खुर्ची

मी निमगाव साव्याची. बौद्धवस्तीत आमचं घर, वडील गवंडीकामाला जायचे, पोरगी शिकून नोकरीला लागंल असं त्यांच्या मनानं घेतलेलं. बारावी झाले, जेल पोलिसात भरती निघाली, मी पळून, उड्या मारून ती नोकरी मिळवली. वडील म्हणले, जेल तर जेल, सरकारी हाय ना. अशी मी पुण्याकडं बायकांच्या जेलात शिपाई झाले.

काय सांगू भाऊ तुमाला, जेलातली दुपार लई लांब असती. लिंबाची सावली भिंतीवरनं सरकत जाती, कुठं तरी नळ ठिबकतो, आन् आपण जागं हाय का झोपलोय तेच कळत नाय. अशा एका दुपारी मानसशास्त्रवाल्या मॅडम आल्या. आवाज इतका हळू, की कानाशी कुणी पदर हलवावा. त्यांनी हॉलात बायका गोल बसवल्या. माझी ड्युटी दाराशी. मॅडम म्हणल्या, हितं कुणी कुणाला नावं ठेवायची नाय. मग म्हणल्या, डोळे मिटा आन् आपल्या घरच्या वाटेनं चाला. बायका बसल्या जागी चालायला लागल्या. एकीला सारवल्या भुईचा वास आला, एक म्हणली, माझी म्हैस वळखती गं मला. मी उघड्या डोळ्यांनी उभी, तरी मी पण गेले हो, निमगावला, कांद्याच्या वाफ्यातनं, अनवाणी.

पारूबाई तेवढी चालायची नाय. नाव खरं सांगत नाय मी, पारूबाई म्हणू. माहेर तिचं पेठ गावचं, आमच्याच बाजूचं. नवरा रोज मारायचा, एका संध्याकाळी हिनं लाकूड उचलून घातलं आन् तो जागीच गेला. लेक तिची, सुमन, एवढीशी, दारात उभी राहून बघत व्हती. जन्मठेप झाली. पोरगी मामाकडं वाढली. मामा तिला मुलाखतीला, म्हंजे आईच्या भेटीला आणायचा, पार पेठवरनं, आन् ही बराकीतनं बाहेरच यायची नाय. मी सांगायला जायचे, अगं पोरगी आलीय. ही भिंतीकडं तोंड करून बसायची. पोरगी जाळीपाशी वाट बघून बघून परत जायची. दर वेळी जरा उंच झालेली दिसायची.

मॅडमच्या गोलात येऊन बसायची पारूबाई, बोलायची नाय. मॅडमनी कधी जोर केला नाय. एकदा त्यांनी मधोमध रिकामी खुर्ची ठेवली. म्हणल्या, ज्याच्याशी बोलायचं राहिलंय ते माणूस हितं बसलंय समजा. कुणी आईशी बोललं, एकीनं सासूला मनसोक्त शिव्या घातल्या. पारूबाईची पाळी आली. म्हणली, रिकामीशी न्हाई बोलता येत मला. दाराशी उभ्या त्या बाईंना बसवा. म्हंजे मला!

मॅडम म्हणल्या, तुमची इच्छा असंल तरच. नियमात बसतंय का नाय, साहेब बघतील का, म्हणून दाराबाहेर डोकावले. पण मी टोपी काढली आन् जाऊन बसले.

ती बोलायला लागली आन् तो हॉल राहिलाच नाय हो. सुमे, म्हणली, त्या संध्याकाळी मी तुला जवळ घ्यायला हात पुढं केला, तर तू मागं सरलीस. तेवढंच आठवतं गं मला. तू मागं सरलीस. मॅडमनी हळूच इचारलं, सुमन काय म्हणती? मला काय ठावं भाऊ, माझी आई घरी सुखात, पण माझ्या तोंडातनं आलं, आये, मागं सरायला एवढ्या लांब येती का मी?

पारूबाईनं हात पुढं केला. मी धरला. हात गार पडलेला, आन् सोडंचना.

पुढच्या मुलाखतीला मी सांगायला गेले, तर बाई केस विंचरून उभी. जाळीच्या ह्या अंगाला ती, त्या अंगाला पोरगी, दोघी नुसत्या बघत राहिल्या, सपनात बघावं तशा. मग पोरगी म्हणली, आये, तू केवढी वाळलीस. टाईम झाला सांगायचं काम माझं, पण त्या दिवशी मी जरा उशिरानंच सांगितलं.

पुढं शिक्षा संपली, ती सुटली. मी अजून नोकरीतच हाय, सुट्टीला गावी येते. परवा मंचरच्या एसटी स्टँडवर मी साडीत बसलेली, तर बाकड्यावर मायलेकी कडाकडा भांडतायत. लेक म्हणती, आये, तुला सांगितलं व्हतं, टमाटी वर ठेव. आई म्हणती, मग तूच का नाय भरलीस पिशवी, मला का शिकवती? आवाज वळखला मी. हाक मारावी वाटली, पण जेलातली वळख चारचौघांत कशाला दाखवायची? गप बसून ऐकत राहिले, लई ग्वाड वाटलं. एसटी आली, भांडत भांडतच चढल्या दोघी. भांडा गं बायांनो, पोटभर भांडा.