काचेतली हरळी

बायनाबाई : ...मेला गं बाई! रोहिणी, भाकर ऱ्हाऊ दे तव्यावर, हिकडं ये आधी. तुझ्या लेकाच्या माशांच्या टाकीतला झिंगा मेला!

रोहिणी : कशावरनं, आत्याबाई?

बायनाबाई : ते काय, वाळूत टरफल पडलंय. त्यानं ती डसणारी समुद्रफुलं खायची, तर त्यांनीच त्याला चोखला.

रोहिणी : आन् फुलं एवढी कवा झाली? आदिनाथ पुण्याला गेलता तवा कोपऱ्यात चार होती. आता पवळ्यांवर चढलीत. पवळी पांढरी पडायलीत की! ...आत्याबाई, हात दाखवा. लाल कावून हाय?

बायनाबाई : खुरपलं मी. झिंगा दिसभर दगडाखाली लोळायचा. असला गडी मी बांधावर उभा केला नसता. म्हणलं, आपणच उपटावं.

रोहिणी : खुरप्यानं? आवं, तुकडा पडंल तिथं नवं उगतंय! त्यो सांगून गेलता की, हात लावू नका, झिंगा अंधारात खातोय म्हणून.

बायनाबाई : म्हंजी हरळी.

रोहिणी : हरळीच.

बायनाबाई : आन् हरळी तोडून वावरातच टाकली म्हणून त्या शेजारच्या वावरातल्या कडूबाईची सात पिढ्यांची लाज काढली व्हती मी!

रोहिणी : मी सांगते त्याला, आपोआप वाढली म्हणून.

बायनाबाई : खुळा हाय का त्यो? मागं माझ्याशी भांडून गेलता, तवा काय माझ्यासाठी परत आला? मासे मरतील म्हणून आला. आता हे बी गेलं, तर त्याला हितं कोण धरून ठिवणार? तू? का मी?

रोहिणी : थांबा जरा. त्या कपारीत बघा. मिशा हलत्यात.

बायनाबाई : कुणाच्या?

रोहिणी : झिंग्याच्या! मेला न्हाई त्यो, कात टाकलीय.

बायनाबाई : मग भाईर कावून येत न्हाई?

रोहिणी : अंग कच्चं हाय अजून. भितोय.

बायनाबाई : एकट्या झिंग्याच्यानं हे रान उरकंल का गं?

रोहिणी : काय सांगावं.

बायनाबाई : ...रिक्षा थांबली का दारात?

रोहिणी : आलाच.

(आदिनाथ उंबऱ्यात. टाकीकडे पाहतो, मग आजीकडे.)

आदिनाथ : आजी, हाताला काय झालं तुझ्या?

बायनाबाई : हाताचं ऱ्हाऊ दे. आधी ती खांद्यावरची बॅग खाली ठिव, बाबा.