ईराची गेममधली मैत्रीण

परवा माझं काय झालं, सांगते तुम्हाला. संध्याकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात आमची सहावीतली ईरा टॅब घेऊन आली. म्हणाली, "आई, ओरडणार नाहीस ना?"

मी गॅसच बंद केला.

गेम खेळताना तिला रिया नावाची मैत्रीण मिळाली होती. वय बारा, असं ती रियाच सांगायची. त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "नेरूळला कुठे राहतेस? तुझा फोटो पाठव ना. आईला सांगू नकोस हं."

मी लाटणं खाली ठेवलं. "पाठवलास?"

"नाही गं! तूच म्हणालेलीस ना, कोणी आईला सांगू नको म्हटलं, की आधी आईलाच सांगायचं."

मी तिला घट्ट जवळ घेतलं. पिठाचे हात तिच्या केसांना लागले, पण मला सोडवेना. मग त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढला आणि रियाची तक्रार करायला गेले, तर तिचं खातंच गायब!

"ईरा, तू काही लिहिलंस का तिला?"

"हो. म्हटलं, थांब, आईला बोलावते. तिला पण तुझ्याशी बोलायला आवडेल."