काकांच्या नावाने क्रिकेटचा चषक नको

काकू, आणि इथे जमलेले सगळेजण,

काका गेल्याला आठवडाही झाला नाही. तुम्ही कामावरून थेट आलात, काहीजण मुलांना घेऊन आलात. मला माइकसमोर बोलायची सवय नाही. त्यात मघाशी मंडळाच्या अध्यक्षांनी केलेली घोषणा ऐकून रागही आलाय. तो आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

मी काकांची भाडेकरू. इथल्या क्लेमेंटी भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहते, युनिव्हर्सिटीत शिकते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे आपल्याला बरंच कळतं असं मला वाटायचं. काका रोज जेवताना माझ्याशी वाद घालायचे. वर म्हणायचे, "हरलीस तर भांडी तुझी!"

अध्यक्ष म्हणाले, दरवर्षी काकांच्या नावाने क्रिकेटचा चषक ठेवू. साहेब, काकांनी जन्मात बॅट धरली नाही. ते बँकेत अकाउंटंट होते. काकू, खोटं सांगतेय का मी? बघा, काकूंनाही हसू आलं.

मग हे क्रिकेट आलं कुठून? यंदाच्या गणपतीतल्या त्यांच्या व्याख्यानातून. विषय होता एका इंग्रज गव्हर्नरचं आयुष्य. आधी नावाजलेला फलंदाज, मग फौजेतला अधिकारी, मग दूरच्या एका बेटावरचा गव्हर्नर. काकांनी तीन भाग बसवले होते. मंडळाने जाहिरातीत फक्त पहिला छापला. मुलं बॅटी घेऊन आली!

आपल्याकडे व्याख्यान कुठे असतं? मुलांचा नाच आणि जेवण यांच्या मधे. नाच लांबतो. हॉल वेळेत रिकामा करायचा असतो. मग कापायचं काय? व्याख्यान. दरवर्षी व्याख्यानच.

पहिला भाग रंगला. दुसऱ्या भागात लढाई होती. जखमी शिपायाला खांद्यावर टाकून, गोळ्या चुकवत परत आलेला साहेब. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी इथल्या ढंगाच्या इंग्रजीत ओरडली, "अंकल, सो ही इज द गुड गाय, लाह?" काका खुलले. म्हणाले, "थांब, तेच तर सांगायला आलोय." आणि मागून आवाज आला, "काका, आवरा आता, मोदक गार होतायत!" सगळे हसले. काकाही हसले आणि खाली उतरले.

परतताना बसमध्ये मीच चिडले. "तुम्ही थांबलात का?"

"अगं, भुकेल्या माणसांना किती अडवायचं? पुढच्या वर्षी सांगू."

पुढच्या वर्षी. आता कुठलं पुढचं वर्ष?

म्हणून तिसरा भाग आज मी सांगणार आहे. आज जेवण नाही, तेव्हा कोणी थांबवणार नाही.

तो जखमी शिपाई म्हणजे काकांचे पणजोबा. त्यांच्या घरात त्या साहेबाचं नाव देवासारखं घेतलं जायचं. निवृत्त झाल्यावर काकांनी मोठ्या हौसेने त्याचं पुढचं आयुष्य शोधायला घेतलं. आणि काय सापडलं? बेटावरच्या एका मळ्यात मजुरांनी काम बंद केलं होतं. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. साहेबाने गोळ्या घालायचा हुकूम दिला. आणि संध्याकाळी नेहमीसारखा मैदानावर खेळायला गेला. तोच साहेब.

मी म्हटलं, "मग त्याच्याबद्दल बोलायचंच कशाला? राक्षस म्हणा आणि सोडून द्या."

काकांचा घास हातातच राहिला. "राक्षस कसा म्हणू? त्याने पणजोबांना उचललं नसतं, तर मी नसतो. आणि देव तरी कसा म्हणू? मळ्यात जे पडले, त्यांच्यातल्या किती जणांना पणतू झालेच नाहीत. त्यांच्या बाजूने बोलायला कोण येणार गं? मीच ना?"

मी भांडी घासायला उठले.

हे काकांना आपल्या मुलांना सांगायचं होतं. आपली मुलं इथे परदेशात वाढतायत. अशा साहेबांची नावं शाळेत जाता-येता रस्त्यांवर, इमारतींवर वाचतात. मग त्यांना पूर्ण माणूस का सांगायचा नाही? आपल्याला फक्त टाळ्यांपर्यंतचाच का हवा असतो?

अध्यक्षसाहेब, हात जोडून सांगते, चषक मागे घ्या. त्याऐवजी वर्षातली एक संध्याकाळ द्या. नाच नाही, जेवण नाही, फक्त व्याख्यान. बोलणाऱ्याला त्याचं म्हणणं संपवू द्या. काकांचं नाव दिलं नाहीत तरी चालेल.

काका, तुमच्यासारखं मला सांगता आलं नाही. हे तुमच्या तोंडून यायला हवं होतं. माझा नमस्कार घ्या.

आता आपण सगळे उभे राहू या. काकांसाठी. आणि मळ्यात पडलेल्या त्या माणसांसाठीही, ज्यांची नावं काकांना शेवटपर्यंत सापडली नाहीत. मुलांनो, तुम्हीसुद्धा उठा. थोडा वेळ कोणीच काही बोलू नका.